दिसत नाही म्हणे

आज माझी मैत्रीण तालमीला आली नाही, ताप आहे. दादाने, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाने, तिच्या जागी प्रॉम्प्टिंगवालीला उभं केलं, संहिता हातात तशीच. आणि भांडणाचा प्रवेश असा झाला की लाइट लावणारा शिडीवर काम सोडून बघत बसला. संपल्यावर दादा म्हणाला, "इतके दिवस हेच मागतोय मी."

इतके दिवस! मग आम्ही दोघी काय करत होतो?

नाटक कशावर, तर शाळा संपल्यावर हळूहळू दुरावणाऱ्या दोन मैत्रिणींवर. आम्ही शाळेपासूनच्या, म्हणून तर दादाने घेतलं आम्हाला. आणि जिच्याशी मी आजवर "कुठलं पान?" यापलीकडे बोलले नाही, तिच्यासमोर मला खरंखुरं रडू आलं. आमच्यात जे आहे ते दिसतच नाही का? की नाहीच आहे? आईला विचारलं असतं, पण तिचं उत्तर मला माहीत आहे. जाऊ दे.

दिदरो या फ्रेंच लेखकाचं अभिनयावरचं ते प्रसिद्ध टिपण आठवलं. त्याच्या मरणानंतर, 1830 साली छापलं गेलेलं. त्यात एक नवरा-बायको आहेत, दोघंही नट. एकमेकांचा मनस्वी तिटकारा, पण रंगमंचावर प्रेमी म्हणून टाळ्या घेतात आणि दोन गोड वाक्यांच्या मध्ये हळूच एकमेकांना शिव्या घालतात. त्याचं म्हणणं, नटाला आतून काही वाटायलाच नको, म्हणजे काम चोख होतं. बरं, मग आज मी रडले ते कुठल्या खात्यात टाकायचं? दिदरोही नाही कामाचा.

मला वाटतं, घोळ कान देण्याचा आहे. तिचं वाक्य कुठे वळणार हे मला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ती बोलायच्या आत माझा चेहरा उत्तर देऊन मोकळा. प्रॉम्प्टिंगवाली भलत्याच ठिकाणी थांबत होती. मला ऐकावंच लागलं. शिवाय आम्ही एकमेकींकडे बघतच नाही. शेजारी बसतो, समोर बघत अर्धी वाक्यं टाकतो, उरलेलं दुसरीला कळतं. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय कळणार? त्याला दोन कंटाळलेल्या मुली दिसतात. म्हणजे जे पक्कं आहे तेच नेमकं रंगमंचावर पडतं! हे पटतंय, तरी "इतके दिवस" डोक्यातून जात नाही.

तिला फोन केला. सगळं सांगितलं, रडण्यासकट. ती खोकत म्हणाली, "मग मी येऊच नको का?" आणि मग स्वतःच हसली. मला मात्र पटकन हसू आलं नाही.

परवा रंगीत तालीम. दादाने जागा बदलल्यात, आता शेजारी नाही, समोरासमोर बसायचंय. आम्ही समोरासमोर आलो की फिसकन हसतो हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. मी सांगणार नाही.