वाढ्यांच्या हंगामात गाईच्या आहाराचा हिशेब

ऊसतोड सुरू झाली की पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक गोठ्यांत वैरणीचा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, कारण वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, सहज आणि स्वस्तात मिळतात. गव्हाण हिरवी दिसते, गाय पोटभर खाते, आणि तरीही दूध हळूहळू उतरते. मग दोष पेंडीला दिला जातो. माझ्या मते तो आधी वैरणीत शोधावा.

गाईचा आहार हिरव्या वजनावर न मोजता पाणी वगळून उरणाऱ्या शुष्क पदार्थावर मोजावा लागतो. सुमारे ४०० किलो वजनाच्या, दिवसाला १२ लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला १२ ते १३ किलो शुष्क पदार्थ लागतो. तिला ३० किलो वाढे आणि ५ किलो गोळीपेंड (गोळ्यांच्या रूपातले तयार पशुखाद्य) घातली, तर तेवढा शुष्क पदार्थ मिळतो खरा. परंतु वाढ्यांत प्रथिने जेमतेम पाच-सहा टक्के असल्याने संपूर्ण आहारातील प्रथिने ११ टक्क्यांच्या आसपास अडकतात. त्याऐवजी १५ किलो मका मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), १० किलो लसूणघास आणि २ किलो कडबा दिला, तर त्याच ५ किलो पेंडीवर हे प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत जाते. पेंडीचा खर्च तोच राहतो, हे विशेष. शिवाय वाढ्यांतील ऑक्झलेट हे संयुग कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून जिथे वाढ्यांना पर्यायच नाही तिथे त्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याची आणि रोज ५० ते १०० ग्रॅम खनिज मिश्रण देण्याची शिफारस केली जाते.

दूध उतरले की पेंड वाढवण्याचा मोह होतो. पण चारा कमी आणि पेंड जास्त झाली की रवंथ घटते, पोटातील आम्लता वाढते आणि संकलन केंद्रावरच्या पावतीत फॅट खाली येते, ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ) यांवर दर ठरत असताना हे नुकसान दुहेरी होते.

पेंडीच्या पोत्यावरील प्रथिनांचा आकडाही डोळे झाकून स्वीकारू नये, कारण युरिया मिसळूनही तो फुगवता येतो. भारतीय मानकानुसार पशुखाद्यात दर्जाप्रमाणे किमान २० किंवा २२ टक्के प्रथिने असावीत आणि अफलाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचे विष किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या आत असावे. हे विष वासावरून किंवा रंगावरून खात्रीने ओळखता येत नाही आणि त्याचा काही अंश दुधातही उतरतो. म्हणून पावसाळ्यात ओल लागलेली सरकी पेंड किंवा शेंगदाणा पेंड, कितीही स्वस्त मिळाली तरी, मी घेत नाही.

वाढ्यांवरून मुरघासावर येताना मात्र आठ-दहा दिवस घ्यावेत, कारण पोटातील जिवाणूंना नव्या वैरणीशी जुळवून घ्यायला तेवढा अवधी लागतो.