वॉरंट आलं म्हणून पळू नका, आधी केस नंबर वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात थकलेल्या कर्जावरून घरी येणारे कोर्टाचे कागद बहुतेक कन्नडमध्ये असतात. कुणाकडून तरी वाचून घेताना ‘वॉरंट’ एवढाच शब्द कानात राहतो. मग कुणी पाहुण्यांकडे निघून जातो, कुणी सोसायटीच्या चेअरमनकडे धाव घेतो. कोर्टातलं वॉरंट चेअरमन मागे घेऊ शकत नाही. कागदावर आधी बघायचं ते कोर्टाचं नाव, केस नंबर आणि तारीख.

नंबराआधी सी.सी. असेल तर केस फौजदारी आहे, आणि पैशाच्या व्यवहारात ती बहुधा चेक परत गेल्याची, म्हणजे कलम १३८ची. ओ.एस. म्हणजे दिवाणी दावा. ई.पी. म्हणजे हुकूम आधीच झालाय, आता वसुली चालू आहे. महाराष्ट्रातल्या कोर्टाचा कागद असेल तर चेकच्या केसला एस.सी.सी. आणि वसुलीला दरखास्त असं दिसेल. नंबरच नसेल, किंवा व्हॉट्सअॅपवर नुसता शिक्क्याचा फोटो आला असेल, तर ई-कोर्ट्सच्या मोफत अॅपवर कोर्ट निवडून आपलं नाव शोधा. वकिलाची नोटीस आणि दावा दाखल होण्याआधीची लोकअदालतीची नोटीस ही वॉरंट नव्हेत. वसुली एजंटाकडे तर अटकेचा काहीच अधिकार नसतो. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोनसुद्धा करू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँका आणि फायनान्स कंपन्यांना बजावलेलं आहे.

चेकच्या केसमधलं वॉरंट कर्ज थकलं म्हणून निघत नाही, तारखेला हजर राहिलं नाही म्हणून निघतं. एवढं एक कळलं की निम्मी भीती जाते. साधारण क्रम असा: आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. त्यानंतरही माणूस सापडला नाही तर फरारी घोषित करून मालमत्तेला हात घालता येतो. वॉरंट जुनं झालं म्हणून मरत नाही. कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत ते चालू राहतं. दोन वर्षं कुणी आलं नाही म्हणून निश्चिंत झालेला माणूस नेमका घरच्या लग्नात सापडतो.

उपाय रुक्ष आहे, पण चालतो. पोलिसांनी नेण्याआधी स्वतः वकिलासोबत कोर्टात जायचं, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. कारण खरं लिहा आणि पुरावा जोडा: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, पत्ता बदलल्याचा कागद. सकाळी, कामकाज सुरू होतानाच हजर व्हा. दुपारी उशिरा गेलात आणि जामीनदाराचे कागद अपुरे निघाले तर ते जमवायला वेळ उरत नाही. जामीनदाराचा ताजा शेत उतारा किंवा घराचा उतारा, कर भरल्याची पावती, आधार आणि फोटो आदल्या दिवशीच गोळा करून ठेवा. कोर्ट थोडा दंड लावून वॉरंट रद्द करतं. त्या हुकमाची प्रत पोलीस ठाण्यात नेऊन द्या. हे राहिलं की कोर्टात रद्द झालेलं वॉरंट हवालदाराच्या फाईलमध्ये तसंच असतं आणि तो पुन्हा दारात येतो. पुढे एखाद्या तारखेला जमणार नसेल तर त्या दिवसापुरता हजेरीमाफीचा अर्ज वकिलाने द्यायचा असतो. नुसता ‘वकील बघतील’ म्हटल्याने भागत नाही.

सीमेमुळे एक गुंता वाढतो. २०१५च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या चेकची केस ज्याला चेक दिला त्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. निपाणीच्या माणसाने गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याला चेक दिला आणि त्याचं खातं गडहिंग्लजलाच असेल, तर फेऱ्याही तिकडेच. तिकडचं वॉरंट इकडे बजावताना सहसा इथल्या पोलिसांची साथ घ्यावी लागते. अटकेच्या जागेपासून वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत असेल तर थेट तिकडे नेता येतं. नाहीतर आधी इथल्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं. कलम १३८ जामीनपात्र असल्याने योग्य जामीन दिला तर तो तिथेच मिळू शकतो. ‘जामीनदार आमच्याच जिल्ह्यातला हवा’ असा हट्ट सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच चुकीचा ठरवलाय. वकिलाला मोतीराम प्रकरण एवढं सांगितलं तरी पुरे.

या कलमाच्या मुदतीही ध्यानात ठेवा. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. पोस्टमनला ‘घेत नाही’ म्हणून परत पाठवलं तरी नोटीस मिळाली असंच धरतात. नोटीस खरोखर मिळालीच नसेल तर समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम कोर्टात भरण्याची संधी आहे. फार थोडे लोक ती वापरतात.

दिवाणीत प्रकार वेगळा. तिथे समन्सकडे पाठ फिरवली तर एकतर्फी हुकूम होतो, आणि तो उठवायला ३० दिवस मिळतात. समन्स रीतसर लागलंच नसेल तर हुकूम कळल्यापासून ३० दिवस. कोल्हापूरच्या कोर्टाचा हुकूम असेल तर इथली जमीन जप्त करण्याआधी तो इथल्या कोर्टाकडे वर्ग व्हावा लागतो. वसुलीत अटकेचं वॉरंट निघू शकतं, पण ऐपत असून देत नाही किंवा मालमत्ता लपवतो हे दिसलं तरच. त्यामुळे ‘का अटक करू नये’ अशी नोटीस आली तर उत्पन्न, देणी, आजारपण यांचे कागद घेऊन जाणं हाच बचाव. पैशाच्या हुकमात बाईला अटक होत नाही. सूर्यास्तानंतर त्यासाठी घरात शिरता येत नाही. कैद जास्तीत जास्त तीन महिने, आणि ती भोगली म्हणून कर्ज फिटत नाही.

जप्तीतून अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची अवजारं, गुरं आणि त्याचं राहतं घर सुटतं. मात्र ते घर गहाण टाकलेलं असेल तर ही सूट गहाणाच्या वसुलीला आड येत नाही, आणि इथेच बरेच फसतात. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. सूट असलेले भत्ते वगळून पगार २५,००० असेल तर महिन्याला ८,००० पर्यंत कापता येतात, एका हुकमासाठी एकूण २४ महिने.

सहकारी संस्थांचं प्रकरण बहुधा दिवाणी कोर्टात जातच नाही. कर्नाटकातल्या सोसायटीचं सहकार खात्यापुढे, सहकार कायद्याच्या कलम ७० खाली चालतं, मल्टिस्टेटचं, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या संस्थेचं, लवादापुढे. लवादाची नोटीस साधी दिसते म्हणून बाजूला टाकू नका; त्याचा निवाडा कोर्टाच्या हुकमासारखाच वसूल होतो आणि त्याला आव्हान द्यायला जेमतेम तीन महिने असतात.

तडजोड करायची तर लोकअदालत बरी, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. झेपणार नाही असा हप्ता मान्य करून सही केली की तीच रक्कम हुकूम म्हणून मानगुटीवर बसते. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. बायकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. आणि ई.पी. चालू असताना सावकाराच्या किंवा मॅनेजरच्या हातात रोख देऊ नका. कोर्टात भरा. बाहेर दिलेच असतील तर ३० दिवसांत अर्ज करून त्याची नोंद करून घ्या; नोंद नसलेली रक्कम वसुली करणारं कोर्ट हिशेबात धरत नाही, पावती असली तरी.