मे महिन्यात रेवस ते रेडी: सगळं अडतं ते जेट्टीवर

मुंबईहून किनाऱ्यालगतच्या रेवस-रेडी सागरी महामार्गाने गोव्यापर्यंत आणि परत घाटावरून कोल्हापूर-पुण्यामार्गे घरी, असा आम्ही दोघांनी मे महिन्यात केलेला गाडीप्रवास. रस्ता, जेवण, मुक्काम याबद्दल तक्रार नाही. अडतं ते खाडी ओलांडताना, आणि त्याची धड माहिती आधी कुठेच मिळत नाही, म्हणून हे लिहितेय.

नकाशा ॲप फेरीबोटीची वेळ पंधरा-वीस मिनिटं दाखवतं. ती फक्त पाण्यावरची वेळ. रांगेचा त्यात पत्ताच नसतो. मुरुड सोडलं की आगरदांडा-दिघी, हरिहरेश्वरनंतर बागमांडला-वेसवी, दापोलीकडून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे आणि पुढे तवसाळ-जयगड, अशा चार खाड्या बोटीने पार कराव्या लागतात. पुलांची कामं काढली आहेत, पण तोवर जंगल जेट्टीच, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट.

यातल्या एका जेट्टीवर आमची अर्धी सकाळ आणि दुपार गेली. वेळापत्रकाचा फलक होता, खिडकी होती, तिकीटही लगेच मिळालं. पण पुढच्या फेरीत किती गाड्या जाणार आणि आपला नंबर कधी लागणार, हे सांगणारं कोणी नव्हतं. तिकीट हातात असणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. भर उन्हात, सावलीचं शेड नसताना, एसी चालू ठेवून पेट्रोल जाळत बसलेली माणसं एकमेकांना विचारत होती. एका पाटीवर खडूने "पुढील फेरीत अमुक गाड्या" एवढं लिहिलं तरी निम्मा त्रास वाचेल. त्याला खर्च काहीच नाही, आणि म्हणूनच राग येतो.

तेव्हा हिशेब आपणच करायचा. रांगेत गाडी लावली की एकाने स्टिअरिंगवर बसून राहायचं आणि दुसऱ्याने उतरून थेट धक्क्यापर्यंत चालत जायचं. पुढच्या गाड्या मोजायच्या आणि एक फेरी भरताना पाहायची. बोटीच्या आकाराप्रमाणे साधारण बारा ते अठरा मोटारी मावतात. दुचाकी सांदीकोपऱ्यात बसतात, त्यांची चिंता नको. रांगेत टुरिस्ट बस किंवा टेम्पो असेल तर तो तीन-चार मोटारींची जागा खातो, त्यामुळे फक्त मोटारी मोजून चालत नाही. पलीकडे जाणं, उतरवणं, भरणं, परत येणं याला पाऊण ते एक तास धरा. पुढे चाळीस मोटारी असतील आणि एकच बोट चालू असेल तर तीन-चार फेऱ्या, म्हणजे सव्वादोन ते चार तास. दोन बोटी आलटून पालटून चालू असतील तर त्याच्या निम्मे. किती बोटी चालू आहेत, हा धक्क्यावर विचारायचा पहिला प्रश्न.

मग ठरवायचं, थांबायचं की वळायचं. दाभोळला वळणं परवडत नाही: दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तेही वळणावळणाचे. तिथे दोन-अडीच तासांची रांगसुद्धा सोसावी. तवसाळला मात्र रांग मोठी दिसली तर माघारी फिरा आणि आबलोलीकडून राई-भातगाव पुलावरून जाकादेवीला निघा, तिथून गणपतीपुळे जवळ आहे. शास्त्री खाडीवरचा हा पूल बऱ्याच पर्यटकांना ठाऊकच नसतो. त्यामुळे जयगडचा किल्ला बाजूला राहतो, पण दिवस वाचतो.

भरती-ओहोटी हा दुसरा मुद्दा, आणि याकडे शहरातली माणसं पाहतच नाहीत. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा गुणिले पाऊण, की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पूर्ण ओहोटी त्याच्यानंतर साधारण सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यापुढचे एक-दोन दिवस उधाण असतं, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही खोल, आणि ती नेमकी सकाळी व संध्याकाळी साडेपाच ते सात-साडेसातच्या दरम्यान येते. एरवी सकाळची पहिली फेरी सगळ्यात मोकळी, मी तीच सुचवीन. पण उधाणाच्या दिवसांत तीच अवघड. पाणी खाली गेल्यावर बोटीची फळी उतरत्या धक्क्याच्या पार तळाशी टेकते. तिथे चिखल आणि शेवाळ असतं, चाकं घसरतात, आणि फळी व धक्का यांच्या कोनात कमी उंचीच्या सेडानचा पुढचा बंपर घासतो. अशा दिवशी तासा-दोन तासांनी उशिराची फेरी धरा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, भरती-ओहोटी लहान असते, तेव्हा हा प्रश्न जवळपास येत नाही.

चढवताना चालकाशिवाय सगळ्यांनी खाली उतरायचं. पहिला गिअर, काचा खाली, गाणी बंद, आणि खलाशी हाताने दाखवेल तेवढंच पुढे. काही बोटींवर रिव्हर्सने चढवावं लागतं, ज्याला त्याची सवय आहे त्यानेच तेव्हा गाडी घ्यावी. जागेवर लागली की हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची. आरसे मिटा, शेजारच्या गाडीत वीतभरही अंतर नसतं.

सुटे पैसे ठेवाच. धक्क्यावर नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही आणि खिडकीवरचा वाद सगळी रांग थांबवतो. गाडीच्या तिकिटात चालक धरलाय का, तेही तिथेच विचारा.

मुंबईतून बाहेर पडायला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाडीसकट नेणारी मोठी बोट, उत्तम. 2020 मध्ये सुरू झाली, तासाभरात पलीकडे, आणि पनवेल-पेण-वडखळची कोंडी टळते. हिचं आरक्षण मात्र घरबसल्या आधी होतं. शनिवार-रविवारचं फार आधी भरतं.

वाराबद्दल आधी लिहायला हवं होतं: शनिवारी सकाळी सगळी गर्दी दक्षिणेला उतरते आणि रविवारी दुपारी उत्तरेला परतते. आपण रविवारी दक्षिणेकडे निघालो तर रांग समोरच्या काठावर दिसते, आपल्या नाही. सोमवार ते गुरुवारात चारही खाड्या उरकता आल्या तर सोन्याहून पिवळं.

रत्नागिरीच्या पुढे पूल आहेत. भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला हा पट्टा गाडीने सलग होतो. त्याआधी, गणपतीपुळे ते रत्नागिरी दरम्यानचा आरे-वारेचा रस्ता संध्याकाळच्या उन्हात गाठा. घरगुती खाणावळीत सकाळीच फोन करून ताटं सांगून ठेवा, ऐनवेळी गेलात तर मासे संपलेले असतात. पणजीत गाडी एकदा लावून पायी हिंडणं बरं. परतीला आंबोली घाट चढून कोल्हापूर, पुढे सातारा, पुणे. टोलनाक्यांआधी फास्टॅगमधली शिल्लक तपासा, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला की बोट थांबते, आणि 26 मेच्या सुमारास सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यासाठी बंद होतात. पहिल्या पंधरवड्यात हापूसही मिळतो. आणि घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्या. धक्क्यावरचं खारं पाणी सायलेन्सर आणि ब्रेकच्या पाइपांवर उडालेलं असतं, वरून बॉडी कितीही चकचकीत दिसली तरी.