कपाट चालू, गीझर चालू

मे महिन्यात नागपुरात कपडे वाळवायचं कपाट कोणी विकायला निघालं, तर लोक त्याला वेड्यात काढतील. पारा 45 ला टेकलेला असतो, ओली चादर चहा होईस्तोवर कडक होते. पण जुलैत झड लागली की बाळाच्या लंगोटांनाही कुबट वास येतो आणि आमचा फोन वाजायला लागतो.

मनीषनगरातून आलेला फोन असाच. घरात तान्हं बाळ होतं. कपाट बसवलं होतं दुसऱ्याच कोणीतरी, आणि तक्रार अशी की तासन् तास चालवूनही कपडे दमटच.

हे यंत्र तसं साधं. 2 किलोवॅटचा हीटर, पंखा आणि दमट हवा बाहेर टाकायचं तोंड. झडीतली 28 अंशांची हवा 55 पर्यंत तापवली की तिची पाणी धरायची ताकद जवळजवळ चौपट होते. मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत अडीच-तीन लिटर पाणी असतं. ते वाफ होऊन घराबाहेर गेलं पाहिजे. इथे मागचा घड्यांचा पाइप लांबच लांब, मधे झोळीसारखा लोंबलेला. सोडवला तर त्यातून मगभर पाणी निघालं, वर कपड्यांचा ओला कापूस.

दोष सापडला, काम संपलं असंच कोणीही म्हटलं असतं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "भाऊ, हे कपाट आलं तेव्हापासून सुनेला आंघोळीत गरगरून राहिलं. बाळंतपणाचा अशक्तपणा असन, नाही का?"

मी विचारलं, "गीझर कोणता आहे?"

गॅसचा, बाथरूममध्येच. बाथरूमचं दार उघडतं वॉश एरियात, जिथे हे कपाट होतं, आणि वॉश एरियाला पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून काचा लावून पक्क्या बंद केलेल्या. स्वयंपाकघराच्या दारालाही खालून रबर. सकाळी कपाट लावायचं आणि मग आंघोळी, बाळाचीही तिथेच.

त्यांच्या देवघरातली उदबत्ती मागून घेतली. पाइप तात्पुरता सरळ करून जोडला, दारं-काचा रोजच्यासारख्या लावल्या, कपाट चालू केलं. बाथरूमच्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरली, तर धूर सरळ वॉश एरियात ओढला गेला. मग गीझर लावून वरच्या धुराच्या नळीखाली धरली. धूर वर जायचा सोडून खाली, माझ्या तोंडावर आला. गॅस बंद केला, काचा उघडल्या आणि सगळ्यांना बाहेरच्या खोलीत पाठवलं.

पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढीच कुठून तरी आत यावी लागते. इतर वाटा बंद, म्हणून ती गीझरच्या नळीतून उलटी येत होती. त्या नळीचा ओढा गरम हवेच्या हलकेपणावर चालतो, जेमतेम दोन-चार पास्कलचा, म्हणजे अगदी नाममात्र दाबाचा. पंख्यापुढे तो कुठे टिकणार? धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही आत.

काकूंच्या मुलाचा विश्वास बसेना. "पण गॅसचा वास तर कधीच आला नाही ना जी."

"सिलेंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. हा जळल्यानंतरचा वायू, याला वास नाही, रंग नाही."

सुनेला डॉक्टरकडे नेताना ही गॅसची गोष्ट आधी सांगा, असं बजावलं. नुसत्या अशक्तपणावर औषध घेऊन परत आले असते.

खरी घासाघीस झाली ती भोकावरून. नव्या टाइल्स फोडायच्या म्हटल्यावर मुलाचा चेहरा उतरला. मी काही ऐकलं नाही. बाहेरच्या भिंतीला कोअर कटिंग, म्हणजे मशीनने गोल भोक, 4 इंची पत्र्याचा सरळ पाइप, बाहेरच्या बाजूला किंचित उतार, तोंडाला झडप. तिथे जाळी लावायची नाही, कापसाने आठवड्यात बुजते. हवा आत यायला भिंतीत खाली तिरप्या पट्ट्यांची खिडकी. आणि एवढं करूनही गीझर बाथरूममध्ये ठेवायला मी हो म्हटलं नाही. तो गॅसवाल्याने मोकळ्या बाल्कनीत हलवला. तोवर पाणी चुलीवर.

काकूंना ती पट्ट्यांची खिडकी काही पटली नाही. "यातून पाल येईल ना जी घरात!"

मग आतून नायलॉनची जाळी मारून दिली, काढून धुता येईल अशी. त्याचे पैसे घेतले नाहीत.