टोमॅटोचे रोप खोल लावावे

पुण्यात टोमॅटो वर्षभर लावता येतो असे म्हणतात आणि ते खोटे नाही. तरीही बाल्कनीतल्या चार कुंड्यांसाठी बी पेरण्याची एकच वेळ निवडायची झाली, तर मी गणेशोत्सवाच्या आसपासचे दिवस निवडते. तेव्हा पेरलेली रोपे ऑक्टोबरमध्ये, पाऊस परतीला लागलेला असताना, लावणीला येतात आणि फुलांचा बहर नोव्हेंबरमध्ये धरतो. टोमॅटोची फळधारणा रात्रीच्या तापमानावर फार अवलंबून असते. 15 ते 20 अंश सेल्सिअस त्याला उत्तम मानवते. याउलट एप्रिल-मेमध्ये दिवसाचा पारा 35 अंशांच्या पुढे गेला की परागकण निकामी होऊन फुले गळतात, मग खत कितीही घाला.

बियाण्याबाबत एक गोष्ट आधीच ठरवावी. मंडईतून आणलेल्या टोमॅटोचे बी उगवते, पण बाजारातील बराचसा माल संकरित वाणांचा असल्यामुळे त्या रोपांना आईबापांसारखी फळे येतीलच याची खात्री नसते. दरवर्षी स्वतःचे बी धरायचे असेल तर ‘पुसा रुबी’सारखा सरळ (संकरित नसलेला) वाण घ्यावा. पिकलेल्या फळातील गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबवून मग बी धुवून सावलीत वाळवावे. बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो, तो आंबवल्याने सुटतो. ‘अर्का रक्षक’ हा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकरित वाण लीफ कर्ल (पाने आकसून वळवणारा विषाणूजन्य रोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक आहे. त्याचे बी मात्र प्रत्येक वेळी विकतच घ्यावे लागते.

पेरणीसाठी कोकोपीट आणि गांडूळखत यांचे मिश्रण ट्रेमध्ये भरावे, बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे आणि पाणी ट्रेच्या खालून द्यावे. हा शेवटचा मुद्दा भाद्रपदात विशेष महत्त्वाचा, कारण दमट हवेत वरून सतत भिजलेल्या मिश्रणात बुरशी वाढते आणि निरोगी दिसणारी रोपे एका रात्रीत जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. मिश्रणात ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी मिसळल्यास हा धोका बराच कमी होतो. बी साधारण आठवड्याभरात उगवते आणि त्या दिवसापासून रोपांना भरपूर उजेड लागतो. उत्तरेकडच्या खिडकीत ठेवलेली रोपे उजेडाच्या शोधात सुतासारखी लांबतात.

सुमारे 25 ते 30 दिवसांनी, चार-पाच खरी पाने (उगवताना दिसणारी पहिली दोन दले सोडून) आली की रोप लावणीस तयार होते. त्याआधीचा आठवडा पाणी थोडे कमी करून आणि रोज थोडे अधिक ऊन दाखवून ते कणखर करावे. सावलीतून थेट ऑक्टोबरच्या उन्हात नेलेल्या रोपाची पाने पांढरी पडून करपतात.

आता खोलीविषयी. वांगे किंवा मिरची ट्रेमध्ये जितकी खोल होती तितकीच कुंडीत लावण्याची रीत आहे आणि ती टोमॅटोलाही लावली जाते, हे मला पटत नाही. मातीखाली गेलेल्या टोमॅटोच्या खोडाला नवी मुळे फुटतात. म्हणून खालची पाने काढून टाकावीत आणि वरचा शेंडा व दोन-तीन पाने तेवढी बाहेर राहतील इतके रोप गाडावे. लांबलेल्या रोपांवरही हाच उपाय आहे: उथळ चर काढून खोड आडवे निजवावे आणि शेंडा अलगद वर वळवावा. रोपवाटिकेतून कलमी रोप आणले असेल तर मात्र त्याचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या भागालाही मुळे फुटतात आणि कलमाचा उपयोगच राहत नाही.

लावणी संध्याकाळी करावी आणि आधाराची काठी त्याच वेळी रोवावी; नंतर रोवलेली काठी नेमकी नव्या मुळांतून जाते. कुंडी निदान 12 इंचांची हवी. पहिले पाणी सावकाश, तळातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि पुढचे पाणी वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच द्यावे. नवी पालवी दिसेपर्यंत खताची घाई नको, आणि पालवी आल्यावरही नत्र हात राखूनच द्यावे, कारण नत्र जास्त झाले की झाड पानांनी माजते आणि फुले उशिरा येतात. पांढरी माशी लीफ कर्लचा विषाणू पसरवते, त्यामुळे पिवळा चिकट सापळा लावणीच्याच दिवशी कुंडीजवळ टांगावा.