आमची वाटचाल : स्टँडच्या पोटातली वाळू

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगचं मशिनिंग करणारे पावलोपावली भेटतील. त्यात स्पीकरचे स्टँड आणि ऑडिओ रॅक करत बसलेला मी. 'गाणं ऐकायला लोखंड कशाला रे?' असं आमच्या मामांनीसुद्धा विचारलं होतं. 2011 साली एक वेल्डिंग सेट, जुनी ड्रिल आणि भागीदार म्हणून एक दोस्त, एवढ्या भांडवलावर शेड भाड्याने घेतली. दोस्ताचा हात असा बसलेला की त्याचं वेल्डिंग ग्राइंडरने घासायलाच लागायचं नाही. हे आजही मान्य करतो. बाकीचं पुढे सांगतोच.

पहिलं गिऱ्हाईक शहापुरातले एक निवृत्त मास्तर. जुनं घर, लाकडी माडी, कुमार गंधर्वांच्या तबकड्यांचा ढीग. 'कुमारजी आपल्या सुळेभावीचे की रे,' हे प्रत्येक भेटीत ऐकायचं. आमचा रॅक नेला आणि चौथ्या दिवशी निरोप आला : सूनबाई चहा घेऊन आल्या की सुई उडते. मी शहाणपणा करून रॅकच्या पायाखाली जाड रबर घातलं. सुई आणखी उडायला लागली!

तेव्हा वही घेऊन बसलो. वजनाने रबर 1 मिलिमीटर दबलं तर त्याची स्वतःची डोलण्याची गती सेकंदाला साधारण 16 वेळा येते. 4 मिलिमीटर दबलं तर 8 वेळा. रबर हादरा अडवतं ते त्या गतीच्या सुमारे 1.4 पटीच्या वर. त्या गतीच्या आसपासचा हादरा उलट वाढवून देतं. लाकडी माडीचा हेलकावा संथ, आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, स्वतःच बहुधा सेकंदाला 8 ते 12 वेळा डोलतो. म्हणजे मी आगीत तेल ओतलं होतं. शेवटी दगडी भिंतीत दोन ब्रॅकेट ठोकले, वर फळी टाकली आणि टर्नटेबल जमिनीवरून उचलून भिंतीला दिलं. सुई गप्प. 'सर, रॅक परत नेतो,' म्हटलं तर मास्तर म्हणाले, 'राहू दे, पुस्तकं ठेवीन. पैसे घेऊन जा.' त्यांनी पुढे कोल्हापूरपासून पणजीपर्यंत गिऱ्हाइकं पाठवली. त्यानंतरची सहा-सात वर्षं बरी गेली.

मग 2019 चा ऑगस्ट. जिल्हाभर पूर, शेडमध्ये ओल, आणि ऑर्डर तुंबलेल्या. आमचा स्टँड म्हणजे 75 बाय 75 मिलिमीटरचा चौकोनी पाइप, आणि तो वाजू नये म्हणून पोटात साडेतीन-चार किलो कोरडी सिलिका वाळू. त्या महिन्यात वाळू देणाऱ्याने फाउंड्रीतली वापरलेली काळी वाळू पाठवली. बेंटोनाइटची चिकणमाती, कोळशाची पूड, ओल, सगळं त्यात. रंगावरून कळायला हवं होतं. भागीदार म्हणाला, 'आत कोण बघतंय?' मी गप्प बसलो, ही माझी चूक. दोन महिन्यांत फोन सुरू झाले. पाइप आतून गंजलेला, शिवणीतल्या बारीक भोकांतून काळं पीठ गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या मार्बलवर. 22 जोड्या परत आल्या. सगळ्यांचे पैसे दिले, बायकोच्या पाटल्या गेल्या, आणि भागीदारही गेला. चार शेड सोडून त्याने स्वतःचं दुकान थाटलं. तिथे पोकळ पाइप, खाली पितळेचे चकचकीत स्पाइक, म्हणजे अणकुचीदार पाय. वर गावभर सांगत सुटला, 'त्याच्या स्टँडात उकिरडा भरलेला असतो.' वाळू चालेल म्हणणारा कोण होता, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

विषय निघालाच आहे तर ऐका. स्पाइक कंप गिळत नाही. गालिचातून फरशीला टेकून स्टँड डुगडुगू देत नाही, एवढंच त्याचं काम. लाकडी माडीवर तर तो स्पीकरचा हादरा उलट जमिनीला पोचता करतो. वाळूही ठासून भरू नका. कणाला कण घासला तरच आवाज मरतो, म्हणून वर चार बोटं जागा सोडायची. आणि भरण्याआधी तव्यावर भाजून घ्या. आमची मंडळी अजून चुलीवर भाजते, शेंगदाण्यासारखी. विकत घेताना पाइपवर बोटाचं पेर मारून बघा : 'टण्ण' वाजला तर पोकळ, 'ठप्प' वाजला तर भरलेला. आणि आधी पाणसळ लावा हो. चार पाय सारखे टेकले नसतील तर बाकी सगळं फुकट.

मागच्या दिवाळीत एक पोरगा स्टँडची जोडी घेऊन आला. 'काका, बास लागला की वाजतात.' पितळी स्पाइक, सुरेख शिवण. हात कोणाचा ते बघताक्षणी ओळखलं. वरच्या प्लेटला भोक पाडलं, भाजलेली वाळू ओतली, बूच मारलं. पोरग्याने पेर मारून बघितलं, हसला. पैसे घेतले. नाव कोणाचं काढलं नाही, पण आमचा स्टिकर मात्र प्लेटच्या खाली चिकटवला.