पाट्या उड्या मारतात

"मॅडम, मला चक्कर येत नाही. पण चालायला लागलं की समोरच्या पाट्या उड्या मारतात. थांबलो की त्याही थांबतात."

एसटीत कंडक्टर असलेले हे गृहस्थ ओपीडीत आले ते जाडजूड फाइल घेऊन. बीपी, शुगर, मेंदूचा एमआरआय, सगळं व्यवस्थित. ऐकूही उत्तम येत होतं, त्यामुळे कानाकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. 'मनाचं आहे' असंही कोणीतरी सांगून टाकलेलं. मला मात्र त्यांच्या त्या बोलण्यातच आजार दिसत होता.

चालताना प्रत्येक पावलाला आपलं डोकं हलतं, तरी समोरचं जग हलत नाही. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याची खबर डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोचवतात आणि साधारण १० मिलिसेकंदांत डोळे तेवढेच उलट फिरतात.

त्यांना माझ्या नाकावर नजर ठेवायला सांगून मी डोकं झटकन किंचित उजवीकडे वळवलं. डोळे डोक्याबरोबर वाहून गेले आणि मग टुणकन परत नाकावर आले. डावीकडेही तेच. हालमागी आणि कर्थॉइस यांनी १९८८ साली मांडलेली ही तपासणी. तिला यंत्र लागत नाही, तरी ती इतकी कमी केली जाते याचं मला फार वाईट वाटतं. नंतर कानात ४४ अंशांचं पाणी सोडलं. एरवी पेशंट गरगरून टेबल घट्ट धरतो. हे शांत पडून होते, डोळे हललेच नाहीत.

"मध्यंतरी इंजेक्शनं घेतली होती का?"

"लघवीच्या इन्फेक्शनला ॲडमिट होते ना," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. फाइलच्या तळाशी कागद सापडला. जेंटामायसिन. त्याने संसर्ग आटोक्यात आला होता. पण हे औषध आतल्या कानातल्या केशपेशी, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या केसाळ पेशी, मारू शकतं, आणि बहुतेकदा तोलाच्या, ऐकण्याच्या नव्हे.

धावत्या गाडीत दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले असताना ब्रेक लागला तरी हे कधी पडत नसत. तो झटका नलिकांशेजारच्या दोन पिशव्यांना कळतो. त्यांतले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे पुढे झुकतात आणि केशपेशींचे केस वाकतात. तेही गेलं होतं. "आता दांडा सोडवत नाही," हे सांगताना त्यांचा आवाज कापला.

स्ट्रेप्टोमायसिनने अशीच अवस्था झालेल्या एका अमेरिकन डॉक्टरने १९५२ साली स्वतःचा अनुभव लिहिला होता. नाडीच्या ठोक्यानेही पुस्तकातली अक्षरं हलायची, म्हणून तो पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोकं अडकवून वाचायचा. हे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी एकटाच नाही."

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे मी लपवलं नाही. ते काम आता डोळ्यांना आणि तळपायांना शिकवायचं: भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर रोखून रोज मान हलवायची. अंधारात बॅटरी हवीच. विहिरीत पोहणं कायमचं बंद, कारण पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना कळणार नाही.

हल्ली ते डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसतात. धावत्या गाडीत उभं राहायची परवानगी मी अजून दिलेली नाही.